पोटाचा टीबी आहे की नाही, हे एमआरआयने कळतं का? (नागपूर)

मानकापूरकर :
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय २४, हिंगणा एमआयडीसीत कामाला. दिवाळीपासून पोटात उजवीकडे खाली दुखतं. जेवलं की पोट गच्च होतं, मग गुडगुड होऊन आपोआप मोकळं होतं. संध्याकाळी कणकण असते. पँट कमरेवर थांबत नाही इतका वाळलाय. खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. धंतोलीत सोनोग्राफी झाली, मग सीटी. सीटीच्या रिपोर्टात शेवटी लिहिलंय, 'टर्मिनल आयलियम व सीकमची भिंत जाड, शेजारी गाठी. कॉक्स की क्रोन्स? क्लिनिकल कोरिलेशन करावे.' म्हणजे लहान आतड्याचं टोक आणि मोठ्याची सुरुवात इथे जाडी, शेजारी लसिका गाठी; आजार टीबी (कॉक्स) की क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार, ते नक्की नाही.

पोटाच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्यात दुर्बीण) सांगितली आणि वर 'एमआर एंटेरोग्राफी', म्हणजे आतड्याचा एमआरआय, लिहून दिली. मामा म्हणतात, सीटी झाली ना, मग एमआरआय कशाला, सरळ एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करा. आई रोज विचारते, टीबी आहे की नाही ते सांगा. एमआरआय काढला की पक्कं कळेल का?

तर्रीपोहा :
काऊन एवढं घाबरून राहिले भाऊ? माह्या साळ्यालेही पोटाचाच झाला होता. सरकारी मेडिकल कॉलेजात पोटातलं पाणी काढून तपासलं, गोळ्या सुरू केल्या, सहा महिन्यांत पोट्टं टणाटण. एमआरआय-फेमराय काही नाही. पैसे वाचवा.

फिल्मवाचक :
मी रेडिओलॉजिस्ट आहे, नागपुरातच. रुग्ण न पाहता निदान सांगणार नाही, पण प्रश्न चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तर्रीपोहा, तुमच्या साळ्याच्या पोटात पाणी झालं होतं. पाणी असलं की निम्मं काम तिथेच होतं. सुईने काढायचं, पेशी कुठल्या ते बघायचं, प्रोटीन आणि एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) करायचं. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि एडीए साधारण ३९-४० च्या वर असेल तर आपल्याकडे टीबीचं पारडं चांगलंच जड होतं. मानकापूरकरांच्या भावाचं दुखणं मात्र आतड्याच्या भिंतीत आहे. तिथे पाणी नाही, तर सुई घालणार कशात?

आता मुख्य मुद्दा. एमआरआयमध्ये टीबीचा जंतू दिसत नाही. सीटीत नाही, सोनोग्राफीत नाही. आम्हाला दिसते ती जंतूने केलेली नासधूस, आणि अगदी तशीच नासधूस क्रोन्स करतो, कधी लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) ही करतो. म्हणून तर रिपोर्टात प्रश्नचिन्ह येतं. लोकांना वाटतं डॉक्टरने अंग काढून घेतलं. तसं नाही, त्या क्षणी तेच खरं उत्तर असतं.

तरीही दोन्हींच्या खोडी थोड्या वेगळ्या असतात. टीबीला लहान आणि मोठ्या आतड्याचा सांधा, म्हणजे इलिओसीकल भाग, फार आवडतो. तिथे लिम्फॉइड टिश्यू भरपूर असतो आणि अन्नही जास्त वेळ रेंगाळतं. टीबीत बहुधा छोटासा तुकडाच जाड होतो, सीकम आक्रसून वर ओढलं जातं, झडप उघडी पडते. शेजारच्या गाठी मोठ्या होतात आणि आतून गळतात (मधला भाग कुजतो), मग शिरेतून कंट्रास्टचं औषध दिल्यावर फक्त त्यांची कड उजळते, मधला भाग काळा राहतो. अशी गळलेली गाठ दिसली की माझा कल टीबीकडे जातो, कारण क्रोन्सच्या गाठी सहसा अशा गळत नाहीत. क्रोन्समध्ये लांबलचक भाग धरलेला असतो, मध्ये चांगलं आतडं सोडून पुढे पुन्हा आजार दिसतो, एका बाजूची भिंत जास्त सुजते, त्या बाजूच्या रक्तवाहिन्या फुगून कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या राहतात, आणि भगेंद्र-फिस्टुला यांची सवय असते.

यातलं बरंचसं चांगल्या सीटीतही दिसतं. म्हणून पहिलं काम हे करा : भावाची सीटी साधी होती की तोंडाने भरपूर द्रव पाजून काढलेली, ते रिपोर्टात वर बघा. आतडं रिकामं, मिटलेलं असेल तर धडधाकट भिंतही जाड दिसते. साध्या सीटीवरून 'भिंत जाड' म्हटलं असेल तर मी ते निम्म्याच विश्वासाने घेईन.

मानकापूरकर :
बघितलं. 'ओरल कंट्रास्ट नॉट गिव्हन' असं आहे. मग एमआरआय आधी करू की कोलोनोस्कोपी?

फिल्मवाचक :
कोलोनोस्कोपी. तपासायला आतड्याचा तुकडा मिळाला पाहिजे.

संत्राबर्फी :
वाचतेय. आमच्याकडेही यातून जाऊन झालंय, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

पेट्रीडिश :
लॅबवाला आहे, एक गोष्ट कळकळीने सांगतो. कोलोनोस्कोपीच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या की तुकडे दोन डब्यांत जाणार आहेत ना. पॅथॉलॉजीचा डबा फॉर्मलिनचा. कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) यांचा डबा साध्या नॉर्मल सलाइनचा. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चरला बोंबलत बसायचं. सगळेच तुकडे फॉर्मलिनमध्ये बुडवून आणलेले नातेवाईक मी नेहमी पाहतो. पुन्हा कोलोनोस्कोपी करायला कोण तयार होणार?

तुकडेही भरपूर हवेत, व्रणाच्या कडेचे आणि तळाचे. आणि सीबीनॅट निगेटिव्ह आलं तर टीबी नाही असं समजू नका. थुंकीत जंतू खंडीभर असतात, आतड्याच्या तुकड्यात अगदी थोडे. पॉझिटिव्ह आलं तर मात्र सोनं, कारण रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडणार की नाही तेही त्याच वेळी कळतं. लिक्विड कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं.

दीड_लिटर :
मी ही एमआर एंटेरोग्राफी करून बसलोय, म्हणून हे नाव. भावाला आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी चिडेल.

सकाळी उपाशी बोलावतात. मॅनिटॉलची बाटली पाण्यात मिसळून जवळपास दीड लिटरचं गोडूस पाणी समोर ठेवतात. तासाभरात घोट घोट संपवायचं, एकदम गटागट नाही. आतडं शेवटपर्यंत फुगावं हा हेतू. अर्धं संपल्यावर जीभ नको म्हणते. सिस्टरने मला कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायला लावल्या, बाहेर ४४ डिग्री आणि आत एसीत मी कुडकुडत फिरतोय. मग छातीपासून जांघेपर्यंत कॉइलची ताटी बांधली, हातात सलाइनची सुई. आतड्याची हालचाल थांबवायला बुस्कोपॅनचं इंजेक्शन देतात, त्याने तोंड कोरडं पडतं आणि थोडा वेळ जवळचं धूसर दिसतं. गाडी चालवत परत येऊ नका.

आत पाऊणएक तास. 'श्वास घ्या, सोडा, रोखा' हे हेडफोनमधून सारखं चालू. रोखायला १५-२० सेकंद लागतात, दुखत असेल तर तेवढेही जड जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं : मॅनिटॉल आत राहायला आलेलं नसतं. मशीनमधून उतरल्यावर बाथरूम कुठे आहे ते आधीच बघून ठेवा. घरी निघण्याची घाई नको, वर्धा रोडचं सिग्नल तुमच्यासाठी थांबत नाही.

तर्रीपोहा :
हाहाहा. मेट्रोनं तर बिलकुल जाऊ नका मग.

संत्राबर्फी :
हं, आता लिहिते. माझ्या जाऊबाईंचं, वय ३८. पोट फुगायला लागलं, आम्हाला वाटलं वजन वाढलं. सोनोग्राफीत पाणी निघालं. एका ठिकाणी सीए-१२५ ही रक्ताची तपासणी केली, ते बरंच वाढलेलं. तिथल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, अंडाशयाचा कॅन्सर असावा, ऑपरेशनची तयारी ठेवा. घरात जेवण बनेना. भाऊजी बँकेत पैसे काढायच्या रांगेत उभे राहून रडले.

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, सीए-१२५ पोटाच्या अस्तराला सूज आली की टीबीतही वाढतं. त्यांनी पोटाचा आणि ओटीपोटाचा एमआरआय सांगितला. रिपोर्ट असा आला की दोन्ही अंडाशयं नीट आहेत, गाठ नाही, पेरिटोनियम, म्हणजे पोटाचं अस्तर, सगळीकडे सारखं, गुळगुळीत जाड झालंय. तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी 'कॅन्सर नसावा' म्हणालं. पण डॉक्टरांनी औषध लगेच दिलं नाही. दुर्बीण घालून अस्तराचे तुकडे घेतले, आत पांढरे बारीक दाणे सगळीकडे. बायोप्सीत टीबी. आता औषध संपलंय, पोट सपाट आहे, माहेरी जाऊन आल्या.

म्हणून माझं म्हणणं, एमआरआय खर्चिक असला तरी आमच्याकडे एक मोठं ऑपरेशन वाचलं.

फिल्मवाचक :
संत्राबर्फीताई, हे नेमकं उदाहरण दिलंत. बाईच्या ओटीपोटात काय चाललंय हे बघायला एमआरआय सीटीपेक्षा सरस. अंडाशय, नळ्या, गर्भाशय वेगवेगळं दिसतं. अस्तर गुळगुळीत आणि सारखं जाड असेल तर टीबीकडे कल, वेडंवाकडं गाठाळ असेल तर कॅन्सरची धास्ती. अर्थात दोन्हीकडे अपवाद आहेत, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तुकडा घेतला तेच बरोबर.

जाता जाता, पोटात खूप पाणी असेल तर ३ टेस्लाच्या मशीनपेक्षा १.५ टेस्लाची चित्रं बऱ्याचदा स्वच्छ येतात. ३ टेस्लावर पाण्यामुळे मधोमध काळी सावली पडते. लोक 'मोठ्या मशीनवर काढा' म्हणून हट्ट करतात म्हणून सांगितलं.

अंगारकी :
एवढा खटाटोप कशाला? रक्ताची 'टीबी गोल्ड' करा, एका दिवसात उत्तर. आणि रोज हळदीचा काढा घ्या, एमआरआयची गरजच नाही.

ओपीडी_दहा_ते_दोन :
अंगारकी, नको हो. टीबी गोल्ड पॉझिटिव्ह आली तर इतकंच कळतं की जंतूशी शरीराची कधीतरी गाठ पडली आहे. आपल्या देशात ती कितीतरी धडधाकट लोकांची पडलेली असते. आज आतड्यात आजार चालू आहे का, ते त्यातून कळत नाही. अँटीबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या रक्ताच्या किटवर तर सरकारने २०१२ मध्ये बंदीच घातली. काढा प्या, पण औषधाऐवजी नाही.

मी फिजिशियन आहे. फिल्मवाचकांशी बराचसा सहमत, थोडा नाही. माझ्याकडे चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याहून लोक येतात. एका दिवसाची मजुरी बुडवून, सोबत कोणीतरी घेऊन. त्यांना एमआरआयच्या तारखेसाठी पुन्हा बोलावलं तर निम्मे परत येत नाहीत. नीट काढलेली सीटी काही मिनिटांत होते, आतडं फुटलंय का, अडकलंय का ते लगेच कळतं, चुना साठलेल्या जुन्या गाठीही दिसतात, ज्या एमआरआयमध्ये हमखास निसटतात. माझ्या मते एमआरआय जरा सढळ हाताने लिहिला जातोय.

आणि आपल्या विदर्भापुरतं एक : पोट दुखतं म्हणून आलेल्या तरुणाची सिकलसेलची तपासणी झालीये का ते बघा. सिकलसेलच्या कळांमुळेही पोट दुखतं आणि इकडे तो आजार भरपूर आहे.

फिल्मवाचक :
डॉक्टरसाहेब, पहिली तपासणी म्हणून सीटी, याला माझी ना नाहीच. तातडीत तर सीटीच. माझं म्हणणं पुढच्या टप्प्याचं आहे. हा मुलगा २४ वर्षांचा. पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट किरणं जातात. क्रोन्स निघाला तर आयुष्यभर तपासण्या आल्या, टीबी निघाला तरी मध्येच अडकलं तर पुन्हा फोटो. अशा वयाला वारंवार सीटी नको. शिवाय कोलोनोस्कोप टर्मिनल आयलियममध्ये थोडं आत जातो आणि थांबतो. त्याच्या मागच्या कित्येक फूट लहान आतड्यात आणखी कुठे आकुंचन आहे का, ते एमआरआय दाखवतो, हलणारं आतडं बघूनही.

आणि खरी भीती पुढे आहे. क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले आणि आत टीबी असला, तर तो भडकतो. उलट टीबी समजून महिनोन्महिने एकेटी दिली आणि आजार क्रोन्स असला, तर तोपर्यंत आतडं अरुंद होऊन बसतं. दोन्हीकडची चूक महागात पडते, म्हणून पुराव्याचा एकेक तुकडा जमवायचा.

ओपीडी_दहा_ते_दोन :
मान्य. 'स्टिरॉइड आधी नको' हे मोठ्या अक्षरात लिहा.

मानकापूरकर :
अपडेट देतो, मध्ये बरेच दिवस गेले. कोलोनोस्कोपी झाली. सीकममध्ये आडवे व्रण, झडप उघडी. पेट्रीडिश दादांचं ऐकून सलाइनचा डबा मागितला, तिथल्या सिस्टर म्हणाल्या, बरं झालं आठवण केली. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे गठ्ठे, दोन्ही आजारांत दिसतात) आले पण 'केसिएशन', म्हणजे टीबीतली मधली कुज, नाही. सीबीनॅट निगेटिव्ह. म्हणजे पुन्हा तेच, कॉक्स की क्रोन्स. मामा आता म्हणतात, मीच सांगितलं होतं.

मग एमआर एंटेरोग्राफी केली. दीड_लिटर भाऊंची सूचना अक्षरशः खरी निघाली, जास्त लिहीत नाही. रिपोर्ट असा : छोटा भाग जाड, सीकम आक्रसलेलं, त्याच्या मागे लहान आतड्यात दुसरीकडे कुठे आजार नाही, आणि मेसेंटरीत (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात) कडेने उजळणाऱ्या, मधून गळलेल्या गाठी. डॉक्टर म्हणाले, हे सगळं एकत्र धरलं तर टीबी. वजनाप्रमाणे एकेटी सुरू केली, त्याआधी लिव्हर, साखर, एचआयव्ही सगळं तपासलं. स्टिरॉइड नाही. दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरले का बघणार, भरले नाहीत तर निदान पुन्हा तपासायचं.

पेट्रीडिश :
कल्चर सोडू नका हो, पाठपुरावा करत राहा.

मानकापूरकर :
आज फोन आला. कल्चर पॉझिटिव्ह! गोळ्या सुरू होऊन आधीच ताप गेलाय, चार घास जास्त खातोय. आईने देवापुढे साखर ठेवली.

दीड_लिटर :
वा! माझ्या दीड लिटरचं सार्थक.

तर्रीपोहा :
अभिनंदन भाऊ. मामाले एक प्लेट तर्रीपोहा माझ्यातर्फे, जरा तिखट मारून.

डॉट्सवाली :
मी टीबी कार्यक्रमात काम करते. खासगीत औषध चालू असलं तरी डॉक्टरांनी निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद केली पाहिजे, ते सक्तीचं आहे. आयडी विचारून घ्या. पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये आहेत, आधी ५०० होते, आणि ते खासगी डॉक्टरांकडच्या नोंदलेल्या पेशंटलाही मिळतात. बँक खातं त्याच्याच नावाचं, आधार जोडलेलं असावं, नाहीतर पैसे अडकतात. गोळ्याही सरकारी केंद्रातून फुकट मिळू शकतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, ते रिफाम्पिसिन. डोळ्यांना धूसर दिसलं किंवा डोळे पिवळे झाले तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

मानकापूरकर :
धन्यवाद ताई. शेवटचं विचारतो. औषध संपल्यावर एमआरआय पुन्हा काढायचा का?

फिल्मवाचक :
बरा असेल, वजन वाढलं असेल तर 'बघू या म्हणून' काढू नका. गाठी कधी कधी औषध चालू असताना मोठ्या होतात, नंतर हळूहळू ओसरतात. उगीच फोटो काढून घाबरायला होतं. पण एक लक्षात ठेवा : व्रण भरताना तिथे वणाची जाड कातडी धरते आणि आतडं अरुंद होऊ शकतं. औषध व्यवस्थित चालू असूनही जेवल्यावर कळ, फुगणं, उलटी परत सुरू झाली तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. तेव्हा एमआरआय कामाचा. आकुंचन किती लांब आहे आणि सूज शिल्लक आहे की नुसता वण, याचा अंदाज येतो, मग फुगा घालून रुंद करायचं की तेवढा भाग काढायचा ते ठरवता येतं. पोट कडक झालं, वारा-शौच दोन्ही बंद झालं तर सरळ कॅज्युअल्टी गाठा, तिथे सीटी होईल.

कामठी_लाइन :
सगळा धागा वाचला. माझ्या बहिणीला सातवा महिना आहे, पोटात पाणी सांगितलंय, टीबीची शंका आहे. तिचा एमआरआय चालेल का? बाळाला काही होईल?

फिल्मवाचक :
एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, त्यामुळे गरज असेल तर गरोदरपणात करतात, पण गॅडोलिनियमचं (कंट्रास्टचं) इंजेक्शन शक्यतो टाळतात. म्हणजे साधा एमआरआय. मात्र तिला पाणी आहे, तेव्हा आधी सोनोग्राफीखाली थोडं पाणी काढून तपासणं जास्त उपयोगाचं. तेवढ्यावर भागेलही कदाचित.

ओपीडी_दहा_ते_दोन :
आणि टीबी निघालाच तर पहिली चार औषधं गरोदरपणातही देतात, औषध न देण्याचा धोका आई-बाळ दोघांना जास्त असतो. सोनोग्राफीचे कागद घेऊन उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि फिजिशियनला एकत्र दाखवा. मेडिकल, मेयो, एम्स ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं, जिथे प्रसूती आणि मेडिसिन दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत तिथे गेलात तर चकरा वाचतील.